घरात वर्कशॉप थाटताय? वर्कबेंचची उंची, रुंदी आणि जागा अशी ठरवा

स्वयंपाकघरातला ओटा आठवून पाहा. घर बांधणाऱ्याने तो एका ठरलेल्या मापाने बांधलेला असतो. त्यावर भाजी चिरताना काही वाटत नाही, पण कणीक मळायची वेळ आली की कमी उंचीच्या माणसाला टाचा उंचावाव्या लागतात. मग कुणी पायाखाली पाट घेतं, तर कुणी परात घेऊन सरळ जमिनीवर बसतं. ओट्याचं माप चुकीचं असतं असं नाही. ते त्या माणसासाठी आणि त्या कामासाठी घेतलेलं नसतं, एवढंच.

घरात छोटं वर्कशॉप सुरू करणाऱ्यांच्या बाबतीत असंच घडतं. आधी प्लायवूड येतं, मग इंटरनेटवर सापडलेल्या एखाद्या आराखड्यावरून बेंच तयार होतं आणि महिन्याभरात कंबर बोलू लागते. किंवा बेंच इतकं मोठं होतं की खोलीत फळी फिरवायलाही जागा उरत नाही. हळूहळू त्यावर जुने खोके, रंगाचे डबे आणि इस्त्रीचे कपडे जमा होतात. हे टाळायचं असेल तर लाकडाच्या दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी मोजायला हव्यात: स्वतःचं शरीर, होणारं काम आणि उपलब्ध जागा.

तयार आराखड्यांमध्ये अडचण काय आहे?

आपल्याकडे सुतारकामाची परंपरा जुनी आहे. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांमध्ये सुतार होताच. पण त्याचं बरंचसं काम जमिनीवर बसून चालायचं. लाकूड पायाने दाबून धरायचं, ठोकळ्याचा टेकू घ्यायचा आणि करवत किंवा रंधा चालवायचा. आजही अनेक कारागीर असंच काम करतात. उभं राहून काम करण्याचं वर्कबेंच आपल्या घरांत तुलनेने नवं आहे.

त्यामुळे त्याचे आराखडेही बहुतेक वेळा बाहेरून येतात. अमेरिकेतले आराखडे तिथल्या गॅरेजसाठी आणि तिथल्या उंचीच्या माणसासाठी केलेले असतात. त्यात बेंचची उंची ३४ ते ३६ इंच दिलेली असते आणि पायांसाठी 'टू बाय फोर' लाकूड सांगितलेलं असतं. हे लाकूड नावाप्रमाणे २ बाय ४ इंचांचं नसतं. तासून झाल्यावर त्याचं खरं माप दीड बाय साडेतीन इंच असतं आणि आराखड्यातलं सगळं गणित त्याच मापावर बसवलेलं असतं. इथल्या वखारीतून बरोबर २ बाय ४ इंचांचं लाकूड आणलं तर सांधे जुळत नाहीत.

अशा आराखड्यातून जोडणीची पद्धत जरूर घ्यावी, मापं मात्र स्वतःची घ्यावीत.

उंची किती असावी?

सगळ्यात महत्त्वाचं माप हेच. त्यासाठी फक्त मोजपट्टी आणि मदतीला एक माणूस लागतो. काम करताना जी पादत्राणं घालणार असाल ती घालून सरळ उभं राहा. खांदे सैल सोडा आणि कोपर काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा.

कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर मार्गदर्शन करणाऱ्या 'कॅनेडियन सेंटर फॉर ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी' या संस्थेने उभ्याने करायच्या कामांची तीन गटांत विभागणी केली आहे:

- बारीक काम, जसं सोल्डरिंग किंवा कोरीव काम: कोपरापेक्षा सुमारे ५ सेंमी वर
- हलकं काम, जसं आखणी, जोडणी, स्क्रू बसवणं: कोपरापेक्षा ५ ते १० सेंमी खाली
- जोर लावायचं काम, जसं रंधा मारणं किंवा दाबून करायचं कोणतंही काम: कोपरापेक्षा २० ते ४० सेंमी खाली

समजा, एखाद्याचं कोपर जमिनीपासून १०० सेंमीवर आहे. त्याच्यासाठी बारीक कामाची पातळी १०५ सेंमी, हलक्या कामाची ९० ते ९५ सेंमी आणि जोराच्या कामाची ६० ते ८० सेंमी येते. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उंचीत जवळपास दीड फुटाचा फरक आहे. म्हणजे सगळ्या कामांना चालेल असं एकच माप नसतं.

यामागचं कारण सोपं आहे. जोर लावताना शरीराचं वजन वरून खाली यावं लागतं. बेंच उंच असेल तर सगळा भार खांद्यांवर आणि दंडांवर येतो. उलट, बारीक काम करताना डोळे वस्तूच्या जवळ न्यावे लागतात. बेंच बुटकं असेल तर मान आणि पाठ तासन्‌तास वाकलेली राहते.

इथे एक गोष्ट विसरू नका. ही मापं हात जिथे काम करतात त्या पातळीची आहेत. बेंचवर १० सेंमी उंचीची पेटी ठेवून तिच्या वरच्या कडेवर काम करणार असाल, तर बेंच तेवढंच खाली हवं.

मग एकाच बेंचवर सगळी कामं कशी करायची?

बेंच जोराच्या कामासाठी बनवायचं आणि बारीक कामासाठी त्यावर उंची वाढवायची, हा सोपा मार्ग आहे. वरच्या उदाहरणातल्या माणसाने ८० सेंमी उंच बेंच केलं आणि त्यावर २५ सेंमी उंचीचा मजबूत लाकडी खोका क्लॅम्पने घट्ट बसवला, तर त्याला बारीक कामासाठी १०५ सेंमीची पातळी मिळते. काम झालं की खोका खालच्या फळीवर ठेवता येतो.

हाताने रंधा मारणारे सुतार आणखी एक खूण वापरतात. सरळ उभं राहून हात खाली सोडायचा आणि तळवा जमिनीला समांतर करायचा. तळवा जिथे टेकेल तिथे बेंचचा वरचा भाग हवा. रंधा क्वचितच वापरणाऱ्यांनी आणि मुख्यतः ड्रिल, सँडर यांसारख्या विजेच्या हत्यारांवर काम करणाऱ्यांनी बेंच त्यापेक्षा थोडं उंच ठेवलं तरी चालतं.

माप नक्की ठरत नसेल तर पाय दोन-तीन सेंमी जास्त ठेवा. महिनाभर वापरल्यावर पाय कापता येतात, वाढवणं मात्र कठीण जातं. घरात दोघं जण बेंच वापरणार असतील तर उंची जास्त उंच व्यक्तीच्या मापाने ठेवा. कमी उंचीच्या व्यक्तीसाठी फळ्यांचा बुटका चौथरा करता येतो. तो बेंचच्या पूर्ण लांबीचा असावा, नाहीतर बाजूला सरकताना पाय घसरतो.

लांब फळी हातकरवतीने कापायची असेल तर बेंचपेक्षा गुडघ्याएवढ्या उंचीच्या दोन घोड्या जास्त सोयीच्या. फळीवर गुडघा दाबून ती धरता येते आणि करवतीवर शरीराचा भारही येतो. जमिनीवर बसून काम करणारा सुतार पायाने जे साधतो, तेच इथे उभ्याने होतं.

रुंदी: भिंतीपर्यंत हात पोहोचतो का?

रुंदी म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर. भिंतीला लागून असलेल्या बेंचला २ फूट, म्हणजे साधारण ६० सेंमी रुंदी पुरते. यापुढे गेलं की मागच्या बाजूची वस्तू घ्यायला कंबरेतून वाकावं लागतं. हत्यारं भिंतीवर टांगणार असाल तर २ फूटही जास्त वाटू शकतात. अशा वेळी १८ ते २० इंच बरे.

बेंचच्या दोन्ही बाजूंनी उभं राहता येत असेल तर रुंदी ३ ते ४ फुटांपर्यंत नेता येते. कपाटाचा सांगाडा जोडण्यासारख्या कामाला ते उपयोगी पडतं. पण त्यासाठी चारही बाजूंनी मोकळी जागा लागते आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांत ती नसते.

लांबी: प्लायवूडच्या शीटवरून हिशोब

लांबी ठरवताना दोन प्रश्न विचारायचे. नेहमीच्या कामातली सर्वांत लांब वस्तू केवढी असते? आणि शीट कशी कापली तर तुकडे वाया जाणार नाहीत?

प्लायवूडची प्रचलित शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिमीची असते. ती लांबीत मधोमध चिरली की ८ बाय २ फुटांच्या दोन पट्ट्या मिळतात. प्रत्येक पट्टी ५ फुटांवर कापली की हाती येतात ५ बाय २ फुटांचे दोन आणि ३ बाय २ फुटांचे दोन तुकडे. मोठे दोन एकमेकांवर चिकटवून बेंचचा वरचा भाग होतो. लहान दोघांतून खालची फळी आणि भिंतीवर हत्यारं टांगायचा फलक निघतो. एका शीटमध्ये काम भागतं.

करवतीचं पातं प्रत्येक कापात सुमारे ३ मिमी लाकूड खातं, तेवढी घट धरून चाला. दुकानात शीट कापून मिळत असेल तर तिथेच कापून घ्यावी. सरळ काप मिळतो आणि ८ फुटांची अख्खी शीट जिन्यातून वर नेण्याची कसरतही वाचते.

सायकल दुरुस्ती किंवा इलेक्ट्रॉनिक्ससाठी ४ फूट लांबी पुरेशी आहे. फळ्या, शेल्फ, छोटं फर्निचर करणाऱ्यांना ५ ते ६ फूट लांबी उपयोगी ठरते.

दोन थर चिकटवायचे कशासाठी?

फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो. १८ मिमीच्या दोन फळ्या नीट चिकटवल्या तर त्या ३६ मिमीच्या एका फळीसारख्या वागतात आणि आठपटीचा फायदा मिळतो. नुसत्या एकमेकांवर ठेवल्या तर दुपटीच्या पुढे काही मिळत नाही. त्यामुळे पूर्ण पृष्ठभागावर गोंद लावून, वर वजन ठेवून किंवा स्क्रूने दाबून थर जोडावेत.

बेंच डगमगतं ते मात्र बहुतेक वेळा पायांमुळे. चौकटीच्या चार कोपऱ्यांना नुसते खिळे ठोकले तर बेंच बाजूला झुकू लागतं. खालून जमिनीपासून वीतभर उंचीवर आडव्या पट्ट्या आणि मागच्या बाजूला तिरकी पट्टी किंवा प्लायवूडचा पूर्ण पत्रा लावला की झोल जातो. खालच्या फळीवर जड सामान ठेवलं तर बेंच आणखी स्थिर होतं.

वरची फळी चौकटीच्या कडेपासून दोन-तीन इंच बाहेर काढा, म्हणजे क्लॅम्प लावायला कड मिळते. पाय जोडताना नटबोल्ट वापरा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना बेंच सुटं करून दारातून बाहेर काढता आलं पाहिजे.

व्हाइस कुठे बसवायचा?

लाकडासाठीचा व्हाइस उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी पुढच्या कडेला डाव्या टोकाशी बसवावा, डावखुऱ्यांनी उजव्या टोकाशी. लोखंडावर कानस मारण्यासाठीचा व्हाइस पायाच्या बरोबर वर, कोपऱ्यात बसवावा. फळीच्या मधोमध बसवला तर प्रत्येक घावाला फळी थरथरते.

कानसकामासाठी कारागिरांचा जुना नियम आहे: व्हाइसच्या जबड्याची वरची कड कोपराच्या पातळीला यावी. कोपर १०० सेंमीवर असेल आणि व्हाइस १५ सेंमी उंच असेल, तर बेंच ८५ सेंमी हवं. म्हणून बेंचची उंची नक्की करण्याआधी व्हाइस विकत घेऊन मोजलेला बरा.

खोलीत बेंच कुठे ठेवायचं?

१० बाय ८ फुटांची खोली घेऊ आणि ५ बाय २ फुटांचं बेंच.

बेंच १० फुटी भिंतीच्या मधोमध लावलं तर दोन्ही टोकांना अडीच-अडीच फूट जागा राहते. बेंचपेक्षा लांब फळी दोन्हीकडे बाहेर येऊ शकते. समोर ६ फूट उरतात. समोरच्या भिंतीला फूटभर खोलीचं शेल्फ लावलं तरी ५ फूट मोकळे राहतात. बेंचसमोर वावरायला किमान ३ फूट हवेत, ते आरामात मिळतात.

तेच बेंच खोलीच्या मधोमध ठेवलं तर पुढे आणि मागे ३-३ फूट राहतात. फिरता येतं, पण भिंतीला काहीच लावता येत नाही. म्हणून या आकाराच्या खोलीत बेंच भिंतीलगतच बरं.

टेबल सॉ घ्यायचा विचार असेल तर आधी जागेचं गणित करा. ८ फुटांची फळी पात्यातून सरळ जाण्यासाठी पात्याच्या अलीकडे ८ फूट आणि पलीकडे ८ फूट लागतात. १० फुटांच्या खोलीत ते बसत नाही. अशा घरात मोठे काप दुकानातून करून आणणं आणि उरलेलं काम बेंचवर करणं हेच व्यवहार्य आहे.

बाल्कनी ४ फूट रुंद असेल तर दीड फुटांचं बेंच लावल्यावर उभं राहायला अडीच फूट उरतात. सोल्डरिंग, छोटी दुरुस्ती, आखणी यासाठी ते चालतं. भिंतीला बिजागरीने लावलेलं घडीचं बेंचही इथे उपयोगी. पण त्यावर हातोडी चालवली की हादरे भिंतीतून शेजारच्या घरात पोहोचतात. ठोकाठोकीसाठी स्वतःच्या पायांवर उभं असलेलं, खाली रबराचे तुकडे लावलेलं बेंचच हवं.

उजेड, वीज आणि धूळ

डोक्याच्या मागे दिवा असेल तर स्वतःचीच सावली कामावर पडते. दिवा बेंचच्या पुढच्या कडेच्या वर असावा. खिडकीचा उजेड उजव्या हाताने काम करणाऱ्यांना डावीकडून आला तर हाताची सावली कामावर पडत नाही.

साधं ६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टवर सुमारे १,३८० वॉटपर्यंतचा भार घेतं. सर्क्युलर सॉ आणि व्हॅक्यूम क्लीनर एका वेळी चालवले तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यासाठी १६ अँपिअरचं सॉकेट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं. सॉकेट बेंचच्या पृष्ठभागापेक्षा वीतभर वर, मागच्या भिंतीवर असावं. पुढच्या कडेला लावलं तर वायर पायात येते आणि जमिनीवरचा एक्स्टेन्शन बोर्ड धूळ आणि पाणी दोन्ही ओढवून घेतो.

लाकडाच्या धुळीकडे घरात अनेकदा दुर्लक्ष होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, लाकडाच्या धुळीचा समावेश माणसांत कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला आहे. हा निष्कर्ष मुख्यतः वर्षानुवर्षं धुळीत काम केलेल्या कामगारांच्या अभ्यासांवर आधारलेला आहे. तरीही बंद खोलीत सँडर चालवताना एन९५ मास्क, उघडी खिडकी आणि बंद दार या तीन गोष्टी पाळायलाच हव्यात. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर बेंच बेडरूममध्ये ठेवूच नये.

पावसाळा आणि शेजारी

कोकणात आणि मुंबईच्या पट्ट्यात पावसाळ्यात भिंतींना ओल येते. बेंच भिंतीपासून दोन-तीन सेंमी दूर ठेवा आणि पायांखाली रबर किंवा प्लॅस्टिकचे तुकडे द्या. त्यामुळे पाय ओल शोषत नाहीत आणि मागे वाळवी लागली तर ती वेळीच दिसते. ओल जास्त असेल तिथे पाणीरोधक, आयएस ७१० मानकाचं प्लायवूड महाग असलं तरी टिकतं. भिंतीवर टांगलेल्या पटाश्या आणि करवतींना पावसाळ्याआधी तेलाचा हलका हात फिरवायला विसरू नका.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सर्क्युलर सॉचा आवाज जवळून याच्या कितीतरी वर जातो. त्यामुळे आवाजाची कामं दिवसा, ठरलेल्या वेळेत उरकावीत आणि दुपारची विश्रांतीची वेळ टाळावी. पार्किंग किंवा गच्चीवर बेंच लावायचं असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी.

खर्च करण्याआधी एक रविवार

सगळी मापं कागदावर आली की लगेच लाकूड आणू नका. ठरवलेल्या जागी जमिनीवर चिकटपट्टीने बेंचचा आकार आखा. घरातलं टेबल तिथे ठेवा, खाली विटा किंवा वर खोका ठेवून ठरवलेली उंची गाठा आणि तासभर खरं काम करून पाहा. एखादी फळी घासा, चार स्क्रू बसवा. दार पूर्ण उघडतं का, खिडकीपर्यंत हात जातो का, ६ फुटांची फळी वळवता येते का, हे तपासा.

तासाभराने खांदे दुखले तर उंची कमी करा, मान आणि पाठ दुखली तर वाढवा. माप दोन्हीच्या मध्ये बसलं की ते भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा आणि मग प्लायवूडच्या दुकानाची वाट धरा.